त्रिकोण उलटा नसतो

घरात दुसरी-तिसरीतलं मूल असेल तर एक करून बघा. कागदावर त्रिकोण काढा, पण टोक खाली आणि आडवी बाजू वर, आणि विचारा हे काय. बरीच मुलं म्हणतात "उलटा त्रिकोण". मग एक अगदी बारीक लांबुळका त्रिकोण काढा, दोन बाजू लांबच लांब आणि तिसरी नखाएवढी, तर उत्तर येतं "हा त्रिकोण नाहीये, काटा आहे". मग चौरस काढा पण कोपऱ्यावर उभा केलेला, आता तो चौरस राहतच नाही, इंग्लिश मिडियमचं मूल म्हणतं डायमंड, मराठी शाळेतलं म्हणतं पतंग नाहीतर शंकरपाळी. त्याच्या डोळ्यासमोर कागद फिरवा, एक रेघसुद्धा बदललेली नाही, तरी कागद फिरला की नाव बदलतं आणि सरळ केला की परत चौरस.

यात मुलाची काहीच चूक नाही. त्याला जे दाखवलंय तेच ते सांगतंय. त्रिकोण म्हणून त्याने आजवर एकच चित्र पाहिलंय, तिन्ही बाजू सारख्या, खाली बसलेला, टोक वर. आपण त्याला त्रिकोण शिकवलाच नाही, एका चित्राचं नाव शिकवलं आणि ते त्याने पाठ केलं. आणि पहिली ते पाचवी आपल्याकडे भूमिती या नावाखाली मुख्यतः हेच चालतं, चित्र दाखवा आणि नाव सांगा. मी स्वतः प्राथमिकला शिकवते, त्यामुळे हे बाहेरून बोलत नाहीये. माझं म्हणणं सरळ आहे, प्राथमिक शाळेत आकाराचं नाव सगळ्यात शेवटी यायला हवं, आधी आकार हाताने करून, मोडून, फिरवून, वेगवेगळ्या रूपात बघून झाला पाहिजे, आणि परीक्षेत "हे काय आहे" यापेक्षा "हे तसं का आहे किंवा का नाही" हे विचारलं गेलं पाहिजे. नवीन पुस्तकं तयार होतायत तर हे आत्ताच बोलायला हवं.

आधी ते तक्ते बघू. कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा आकारांचा चार्ट घ्या, अंगणवाडीत, बालवाडीत, पहिलीच्या वर्गात भिंतीवर हाच असतो. त्यावर वर्तुळाच्या शेजारी चेंडूचा फोटो, चौरसाच्या शेजारी फासा, त्रिकोणाच्या शेजारी सामोसा नाहीतर आईस्क्रीमचा कोन, आयताच्या शेजारी विटेचं चित्र. आता चेंडू वर्तुळ नाही, चेंडू गोल आहे. फासा चौरस नाही, फाशाचं एकेक पृष्ठ चौरस आहे. कोन तर त्रिकोण कुठूनच नाही, तो शंकू आहे, वरून बघितला तर गोल झाकण दिसतं. म्हणजे सपाट आकृती वेगळी आणि जागा व्यापणारी वस्तू वेगळी हा जो भूमितीतला पहिला मोठा फरक, तो आपण पहिल्याच तक्त्यात पुसून टाकतो, आणि मग चौथी-पाचवीत घन, इष्टिकाचिती (विटेसारखा आकार), वृत्तचिती (गोल डब्यासारखा आकार), शंकू अशी नावं आली की मुलं गडबडतात आणि आपण म्हणतो मुलांना थ्रीडी कळत नाही. शिवाय त्याच चार्टवर हार्ट, स्टार, ओव्हल, डायमंड हे सगळे एकाच रांगेत, जणू बदामाचा आकार आणि त्रिकोण एकाच जातीच्या गोष्टी आहेत.

खरं तर वस्तूपासून सुरुवात करायची ही गोष्ट नवीन नाही. फ्रेडरिक फ्रोबेल, ज्याने १८३७ साली जर्मनीत बालवाडीची सुरुवात केली, त्याच्या खेळण्यांमध्ये अगदी सुरुवातीलाच लाकडाचा गोल, घन आणि वृत्तचिती यायची, कारण मूल हातात वस्तूच धरतं, वर्तुळ कोणी हातात धरत नाही. डब्याचा तळ कागदावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली की वर्तुळ उमटतं, काडेपेटीचे सहा बाजूंचे सहा ठसे घेतले की आयतच आयत मिळतात आणि दोन-दोन सारखे आहेत हेही दिसतं. इतकं सोपं आहे, आणि काडेपेटी तर प्रत्येक घरात असते.

आता मुलं अशी का बोलतात याचा नीट अभ्यास झालेला आहे. हॉलंडमध्ये पिएर व्हॅन हीले आणि दीना व्हॅन हीले हे नवरा-बायको दोघंही शाळेत गणित शिकवायचे, १९५७ साली दोघांनीही उट्रेख्टला याच विषयावर आपापले प्रबंध दिले. त्यांनी सांगितलं की भूमिती समजण्याच्या पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर मूल आकार एकूण दिसण्यावरून ओळखतं, म्हणजे "हा दारासारखा दिसतो म्हणून आयत". दुसऱ्या पायरीवर गुणधर्म दिसायला लागतात, बाजू किती, सारख्या आहेत का, कोपरे काटकोनी आहेत का. तिसऱ्यावर गुणधर्मांचं एकमेकांशी नातं कळतं, म्हणजे चौरसात आयताचे सगळे गुणधर्म आहेत तेव्हा तो आयतच झाला. त्याच्यावर सिद्धता वगैरे. यातल्या दोन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे मूल वयाने आपोआप पुढच्या पायरीवर जात नाही, तसे अनुभव मिळाले तरच जातं. दुसरी म्हणजे शिकवणारा एका पायरीवरून बोलत असेल आणि ऐकणारा दुसऱ्या पायरीवर असेल तर शब्द तेच असूनही दोघांना एकमेकांचं कळत नाही. नववीत प्रमेयं आली की मुलं का घाबरतात, पाठ का करतात, याचं बरंचसं उत्तर इथे आहे. पहिलीपासून पाचवीपर्यंत आपण त्यांना पहिल्याच पायरीवर बसवून ठेवलं, नावांची संख्या वाढवत गेलो पण पायरी तीच, आणि मग एकदम तीन पायऱ्या वरून हाक मारतो.

मग पायरी चढवायची कशी? माझ्या वर्गात मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट सांगते, सामान काहीच लागत नाही. दोन मुलं पाठीला पाठ लावून बसवायची. एकाच्या हातात आकृतीचं कार्ड, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पट्टी. पहिल्याने बघून सांगायचं, दुसऱ्याने ऐकून काढायचं, आणि नाव घ्यायला बंदी. एकदा कार्डावर समलंब चौकोन होता, तिसरीतली मुलगी सांगत होती, "खाली एक मोठी रेघ मार. आता वर एक छोटी मार." त्या मुलाने वर छोटी रेघ मारली पण तिरकी मारली. मग दोन्ही बाजू जोडल्या. कार्ड आणि कागद शेजारी ठेवल्यावर ती चिडली, "अरे सरळ मारायची ना!" तो म्हणाला "मी सरळच मारली, पट्टीने मारली." आणि खरंच होतं त्याचं, रेघ सरळच होती. तिला म्हणायचं होतं की खालच्या रेघेसारखीच जाणारी, दोघींमधलं अंतर कुठेही कमी-जास्त न होणारी. पुढच्या वेळी तिने स्वतःच सांगितलं, "खालच्या रेघेच्या बरोबर बरोबर ने, जवळ येऊ देऊ नको." त्या क्षणी मी फळ्यावर "समांतर" लिहिलं, आणि तो शब्द त्या वर्गाला मला परत शिकवावा लागला नाही, कारण त्यांना त्याची गरज पडली होती. शब्द असा यायला हवा. आधी सांगता येत नाहीये अशी अडचण, मग ती सोडवणारा शब्द.

आपण उलटं करतो. "समांतर रेषा म्हणजे एकाच प्रतलातील एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा" हे वाक्य आधी, तेही प्रतल म्हणजे काय हे माहीत नसताना, आणि मग दोन आडव्या रेघा. त्या आडव्याच का असतात नेहमी? मुलं मग तिरक्या समांतर रेषांना समांतर म्हणत नाहीत. कोनाचंही तसंच, फळ्यावर काढलेला मोठ्या रेघांचा कोन त्यांना मोठा वाटतो आणि वहीतला छोट्या रेघांचा लहान वाटतो, माप तेच असलं तरी, कारण कोन म्हणजे रेघांची लांबी नसून दोन रेघांमध्ये किती वळलो आहोत ते, हे कधी अंगाने अनुभवलेलंच नसतं. मैदानात उभं राहून पाव वळसा, अर्धा वळसा, पूर्ण वळसा घ्यायला लावा, घड्याळाचे काटे फिरवायला द्या, दार किती उघडलंय ते बघा. काटकोन, लघुकोन, विशालकोन ही नावं त्यानंतर दहा मिनिटात येतात.

हाताने करण्याबद्दल बोलताना अरविंद गुप्तांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षणाच्या कामात १९७८ च्या सुमारास त्यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरून आकार करायला सुरुवात केली, पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून ते कित्येक शाळांपर्यंत पोचलं. ट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, काड्यांचे गुल खरवडून टाकायचे आणि ट्यूबमध्ये दोन्हीकडून काड्या घालायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण केला की तो घट्ट उभा राहतो, दाबून बघा, हलत नाही. चार काड्यांचा चौरस करा आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवा, तो लगेच कलतो, बाजू चारही सारख्याच राहतात पण कोपरे काटकोनी राहत नाहीत, चौरसाचा समभुज चौकोन होतो. मुलं हे शंभर वेळा करतात, चौरस, कललेला, चौरस, कललेला. चौरस व्हायला नुसत्या चार सारख्या बाजू पुरत नाहीत, कोपरेही पाहिजेत, हे वाक्य मग त्यांना कोणी सांगावं लागत नाही. मग कोणीतरी म्हणतं की मध्ये तिरकी काडी घालू. ती तिरकी काडी बाजूंपेक्षा लांब लागते, बसवायला जोड लावावा लागतो, पण बसवली की चौकोन हलायचा थांबतो कारण आता ते दोन त्रिकोण झाले. आणि मग शाळेच्या पत्र्याखालची कैची, विजेचा मोठा टॉवर, सायकलची फ्रेम, सगळीकडे त्रिकोण का आहेत ते ही मुलं तुम्हाला येऊन सांगतात. हा सगळा तास फारतर तीन काडेपेट्यांमध्ये होतो.

कागदाच्या घड्यांचंही असंच. मद्रासकडच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ सालीच नुसत्या घड्या घालून केवढी भूमिती होते हे लिहून ठेवलं होतं आणि त्याची दखल युरोपातल्या गणितज्ञांनी घेतली. कुठल्याही वेड्यावाकड्या फाटलेल्या कागदाला एक घडी घाला, सरळ रेघ मिळते. ती रेघ तिच्यावरच येईल अशी दुसरी घडी घाला, काटकोन मिळाला. हा घडीचा काटकोन खिशात ठेवून वर्गातले सगळे कोपरे तपासत फिरता येतं, पाटी, खिडकी, फळा, बाकाचा कोपरा, कुठला जास्त उघडा, कुठला कमी. त्यासाठी कोनमापक लागत नाही.

आणि मैदान तर आहेच. माझा सगळ्यात जास्त आग्रह याच गोष्टीचा आहे. आपल्या शाळांमध्ये कबड्डीचं मैदान आखणं हे दरवर्षीचं काम आहे, पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर, महिलांसाठी आणि लहान मुलांसाठी त्याहून छोटं. पीटीचे सर फक्की आणि दोरी घेऊन आखतात, मुलं कडेला उभी राहून बघतात. ते काम मुलांना द्या. टेप घेऊन चार बाजू मोजल्या, समोरासमोरच्या बरोबर आल्या, फक्की मारली, आणि लांब उभं राहून बघितलं तर मैदान तिरपं दिसतं. का तिरपं? बाजू तर बरोबर आहेत! आता एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरा, मग दुसरी तिरपी धरा, दोन्ही वेगवेगळे निघतात. खुंटी सरकवत सरकवत दोन्ही कर्ण सारखे आणले की मैदान आपोआप काटकोनात येतं. आयताचे कर्ण समान असतात हे वाक्य आठवीच्या पुस्तकात भेटण्याआधी चौथीतल्या मुलाने स्वतः खुंटी सरकवून मिळवलेलं असतं. गवंडी घराची आखणी करताना हेच करतो, गुण्या लावतो, सुतळीवर ३ फूट आणि ४ फुटांवर खुणा करून तिसरी बाजू ५ फूट येते का बघतो, कर्ण मोजतो. आपल्याकडच्या जुन्या शुल्बसूत्रांमध्ये यज्ञाच्या वेदी आखायच्या रीती आहेत त्याही दोरी आणि खुंट्यांच्याच. गवंडी काम करणाऱ्या बापाची मुलगी वर्गात असेल तर तिच्या वडिलांना एका दिवसासाठी शाळेत बोलवा, तो तास मुलं विसरणार नाहीत, आणि तिलाही कळेल की आपल्या घरात गणित आहे.

मुलांकडे आधीपासून किती असतं आणि आपण ते वर्गात येऊ देत नाही याचं मला वाईट वाटतं. डहाणू-पालघरकडच्या वारली चित्रांमध्ये माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वरचा टोक खाली करून, खालचा टोक वर करून. म्हणजे ते चित्र काढणारं मूल रोज टोक खाली असलेला त्रिकोण काढतं, आणि पुस्तकात मात्र त्याला एकाच पद्धतीने बसलेला त्रिकोण दिसतो. ठिपक्यांच्या रांगोळीत मुलींना (आणि मुलांनाही, दिवाळीत बघा) माहीत असतं की ठिपके समोरासमोर ठेवले तर चौकोनी जाळी होते आणि एकाआड एक ठेवले तर त्रिकोण आणि षटकोन तयार होतात. शेतकऱ्याच्या घरात गुंठा हा शब्द रोजचा, ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. पाचवीच्या मुलांना दोरीने जमिनीवर एक गुंठा आखायला सांगा आणि मग विचारा की ११ फूट रुंद आणि ९९ फूट लांब पट्टा केला तर तो किती होईल. तोही बरोबर एक गुंठाच. आकार बदलला, कुंपणाची लांबी १३२ फुटांवरून २२० फुटांवर गेली, जागा तेवढीच राहिली. क्षेत्रफळ आणि परिमिती यांची जी सरमिसळ मुलं दहावीपर्यंत करतात ती इथे सुटते, आणि त्यात घरातल्या मोठ्यांनाही रस वाटतो कारण कुंपणाचा खर्च त्यांचा असतो.

चौरस आणि आयत हा एक वेगळा प्रश्न आहे, त्याबद्दल थोडं. तिसरी-चौथीत सर्रास सांगितलं जातं की चारही बाजू सारख्या तो चौरस आणि समोरासमोरच्या दोन सारख्या तो आयत, गाईडमध्ये तर "लगतच्या बाजू असमान" असंही लिहिलेलं बघितलंय. मग आठवीत चौकोनांचे प्रकार येतात आणि तिथे प्रत्येक चौरस हा आयत असतो असं शिकवलं जातं. चार-पाच वर्षं जे वेगवेगळे म्हणून पाठ केलं ते आता एकातले एक. काही शिक्षक म्हणतात की लहान मुलांना ते कळणार नाही म्हणून आधी वेगळं सांगावं लागतं, आणि त्यांच्या बाजूने युक्लिडसुद्धा आहे, त्याने चौरस आणि लांबट चौकोन वेगवेगळेच मानले होते. तिसरीतल्या मुलाला "प्रत्येक चौरस आयत असतो" हे शिकवावंच असं मीही म्हणत नाही, व्हॅन हीलेंच्या हिशोबाने ती तिसरी पायरी आहे आणि तिथे ते मूल अजून पोचलेलं नसतं. पण शिकवायचं नसेल तर नका शिकवू, त्याच्या विरुद्ध तरी शिकवू नका. "आयताचे चारही कोपरे काटकोनी असतात" एवढंच सांगितलं तरी पुरतं, त्यात चौरस बसतो की नाही हा प्रश्न हुशार पोरगं स्वतःच विचारेल, आणि त्या दिवशी त्यावर वर्गात भांडण होऊ द्यावं. "लगतच्या बाजू असमान" हे लिहून आपण तो प्रश्नच मारून टाकतो.

आता ही परिस्थिती अशी का आहे? शिक्षकांना कळत नाही म्हणून नाही. जे मोजलं जातं ते शिकवलं जातं, आणि प्राथमिकची भूमिती फारशी कोणी मोजत नाही. निपुण भारत हा कार्यक्रम ५ जुलै २०२१ ला सुरू झाला, तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावं आणि पायाभूत गणित यावं हा त्याचा हेतू, हेतू चांगलाच आहे. त्याच्या सविस्तर कागदात आकार आणि अवकाशाची समज हे आहे, पण शाळांपर्यंत जे लक्ष्य म्हणून पोचलं ते म्हणजे तिसरीत ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचणं-लिहिणं आणि सोपे गुणाकार. प्रथम या संस्थेची गावोगाव जाऊन होणारी असर ही चाचणी बघा, त्यात संख्या ओळखणं, वजाबाकी, भागाकार, बास. केंद्रप्रमुख वर्गावर आले की हेच विचारतात. मग शिक्षक वेळ कुठे घालवेल? भूमितीचा पाठ फेब्रुवारी-मार्चवर ढकलला जातो आणि तेव्हा दोन तासात नावं लिहून देऊन संपवला जातो.

परीक्षेत येतं तेव्हा ते असं येतं: त्रिकोणाला ___ बाजू असतात. वर्तुळाच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या जीवेला ___ म्हणतात. पैकीच्या पैकी मार्क पडतात, पालक खूश, आणि त्या मुलाला दोरी आणि खडू देऊन अंगणात मोठं वर्तुळ काढायला सांगितलं तर सुरुवात कुठून करायची हे समजत नाही. स्कॉलरशिपच्या बुद्धिमत्तेच्या पेपरमध्ये आरशातली प्रतिमा, घडी घातलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, आकृतीत किती त्रिकोण, असे छान प्रश्न असतात, खरी भूमिती तीच आहे, पण क्लासवाले त्याच्याही युक्त्या देतात, पायाकडचे भाग मोजा, १ पासून बेरीज करा, उत्तर लिहा. कागदाला घडी घालून बघणारं मूल तिथे मागे पडतं.

नावं लागतातच, हा आक्षेप मला माहीत आहे, आणि मी नावांच्या विरोधात नाहीये. त्रिज्या, व्यास, जीवा, कर्ण, शिरोबिंदू, रेषाखंड हे सगळे शब्द मुलांना यायलाच हवेत, नेमकं बोलता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. फक्त क्रम आणि प्रमाण बदला. पहिली-दुसरीत वीस नावं लादण्यापेक्षा त्रिकोण, चौकोन, वर्तुळ आणि बाजू, कोपरा एवढ्यावर वर्ष काढलं तरी चालेल, पण त्रिकोणाचे पंधरा वेगवेगळे नमुने बघितलेले असावेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे जे त्रिकोण नाहीत असेही, एक बाजू किंचित वाकलेली, एक कोपरा गोलसर झालेला, एका ठिकाणी रेघ उघडी राहिलेली. "हा का नाही?" या प्रश्नाला उत्तर देताना मूल पहिल्यांदा बाजू आणि कोपऱ्याचा विचार करतं. नुसत्या बरोबर चित्रांवरून कोणीच विचार करत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, की एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग, वर ऑनलाईन माहिती भरणं, सर्वेक्षणं, मग काड्या आणि ट्यूब कधी करणार. खरं आहे. पण भूमिती हा एकच विषय असा आहे जो बहुवर्गात जास्त सोपा जातो, दुसरी ते पाचवीची मुलं एकत्र कबड्डीचं मैदान आखू शकतात, लहान मुलं खुंट्या धरतात आणि मोठी मोजतात. आणि यातलं बरंचसं पुस्तकाच्या पानानेच होऊ शकतं. पान चांगलं असेल तर शिक्षकाला वेगळं साहित्य करत बसावं लागत नाही.

म्हणून पुस्तकांवर येते. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात संख्या वाचायची "वीस एक, वीस दोन" ही पद्धत आली तेव्हा महाराष्ट्रात किती गदारोळ झाला आठवतंय ना, विधानसभेपर्यंत विषय गेला, टीव्हीवर चर्चा, व्हॉट्सअॅपवर विनोद, गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर पुन्हा पुन्हा समजावून सांगत राहिल्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे मुलं अडखळतात. त्या बदलाच्या बाजूने असा किंवा विरुद्ध, एक गोष्ट चांगली झाली की लोकांनी दुसरीचं गणिताचं पुस्तक उघडून बघितलं. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर लोक बोलले आणि सरकारला शासन निर्णय मागे घ्यावे लागले. म्हणजे पालक जागे झाले की पहिली-दुसरीचा अभ्यासक्रमसुद्धा चर्चेत येतो. पण आकारांच्या पानावर आजपर्यंत कोणी एक ओळ बोललेलं मला आठवत नाही.

२०२५-२६ पासून पहिलीला नवीन अभ्यासक्रम आलाय आणि पुढच्या इयत्तांना टप्प्याटप्प्याने येतोय, म्हणजे बालभारतीत पानं आत्ता आखली जातायत. तिथे माझ्या मते करायच्या गोष्टी अवघड नाहीत. कुठल्याही आकाराची पहिल्यांदा ओळख होते त्या पानावर तो कमीत कमी आठ-दहा वेगवेगळ्या स्थितीत आणि मापात असावा, सगळे खाली बसलेले नकोत. चेंडूला वर्तुळ म्हणणारं चित्र एकही नको. भूमितीचे पाठ वर्षाच्या शेवटी न ठेवता पहिल्या सत्रातच मापनाबरोबर विणावेत, पावसाळ्यानंतर मैदान कोरडं झालं की आखणीचा उपक्रम यावा. शेवटच्या दोन पानांवर जाड कागदाची जाळी, म्हणजे कापून घड्या घातल्या की घनासारखी वस्तू होईल अशी आकृती, आणि ठिपक्यांचा कागद द्यावा. आणि संकलित चाचणीत भूमितीचे निम्मे प्रश्न तरी असे असावेत ज्यांचं उत्तर एका शब्दात देता येत नाही, उदाहरणार्थ: खालीलपैकी कोणती आकृती त्रिकोण नाही आणि का, ते तुझ्या शब्दात लिही. चार काड्यांपासून चौरस नसलेला चौकोन काढून दाखव. हा आकार न दाखवता मित्राला कसा सांगशील?

तिसरीतलं मूल "याची एक बाजू वाकडी आहे म्हणून" एवढं लिहितं, अक्षर वाकडंतिकडं, बाजूमध्ये काना राहिलेला. त्याला पूर्ण मार्क द्यायचे, आणि पेपर तपासणाऱ्याला दिलेल्या उत्तरसूचीत हे स्पष्ट छापलेलं असावं, म्हणजे शुद्धलेखनासाठी कोणी अर्धा मार्क कापणार नाही.